लहरी कोण, मर्क्युरियल कोण

इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या रिक्षावाल्याला ‘मर्क्युरियल’ म्हटलेलं कुणाच्या वाचनात आलं असेल, तर त्याने ते कात्रण लॅमिनेट करून ठेवावं. कोथरूडला येतो म्हणून मीटर टाकणारा आणि डेक्कनचा सिग्नल सुटता सुटता मन बदलणारा तो इसम फार तर मुजोर असतो, आडमुठा असतो आणि संपाच्या दिवसांत ‘प्रवाशांना वेठीस धरणारा’ असतो. तेच मन एखाद्या नामांकित दिग्दर्शकाने बदललं, अर्धं शूटिंग झाल्यावर नायिका बदलली, मग शेवट बदलला आणि निर्मात्याचं घर गहाण पडलं, की हा ठेवणीतला शब्द कपाटातून बाहेर निघतो. शब्दकोश त्याचा अर्थ सरळ देतात: ज्याची मनःस्थिती किंवा मत झपाट्याने आणि अनपेक्षितपणे पालटतं असा, शिवाय चलाख, चटपटीत, बोलण्यात तरबेज. म्हणजे कोशांच्या मते हा स्वभाव सांगणारा शब्द. वापर बघितला तर तो हुद्दा सांगणारा शब्द आहे. माणूस किती वेळा बदलतो याला त्यात फारसं महत्त्व नाही. त्याच्या बदलण्याने आपला जीव मेटाकुटीला येतो आणि तरीही त्याला सोडता येत नाही, एवढी अट पुरी झाली की तो मर्क्युरियल.

शब्दाचं कूळ तपासलं तर ते काही फार खानदानी नाही. मर्क्युरी हा रोमन लोकांचा देव. देवांचे निरोप पोचवणं हे त्याचं मुख्य काम, आणि व्यापारी, प्रवासी व चोर हे त्याच्या खास कृपेतले लोक. या तिघांना एकाच देवाच्या पदरी घालणाऱ्या रोमन माणसाला बाजारपेठेचा अनुभव दांडगा असणार. रोममध्ये त्याचं देऊळ इ.स.पूर्व ४९५ मध्ये झालं, आणि दर वर्षी १५ मेला व्यापारी त्याच्या नावाच्या विहिरीचं पाणी आपल्या डोक्यावर आणि मालावर शिंपडत. ओव्हिड या कवीने त्या व्यापाऱ्याची प्रार्थना नोंदवून ठेवली आहे. तो देवाकडे मागच्या खोट्या शपथांची माफी मागतो आणि लगेच पुढच्या खोट्या शपथांचीही सोय लावून घेतो. अटकपूर्व जामिनाची कल्पना इतकी जुनी आहे हे आपल्याकडच्या वकिलांना ठाऊक नसावं. (याच देवाची दोन सापांची काठी अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये चिन्ह म्हणून उचलली आणि तिथून ती जगभर डॉक्टरांच्या गाड्यांवर जाऊन बसली. वैद्यकाच्या ग्रीक देवाची काठी वेगळी, तिच्यावर एकच साप असतो. दवाखान्याचं बिल हातात घेतलेल्या माणसाला ही चूक झाली असं मुळीच वाटत नाही.)

देवाचं नाव ग्रहाला मिळालं आणि ग्रह माणसांच्या मानगुटीवर बसले. युरोपातल्या ज्योतिषांनी स्वभावांची वाटणी ग्रहांवर केली होती: गुरूचा माणूस आनंदी, शनीचा रडका, मंगळाचा भांडखोर, चंद्राचा वेडा, आणि बुधाचा तो आपला मर्क्युरियल. त्या काळी हे विशेषण मिरवण्यासारखं नव्हतं. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधला ऑटोलिकस आपण बुधाच्या अमलाखाली जन्मल्याचं अभिमानाने सांगतो, आणि तो वाळत घातलेल्या चादरी लांबवणारा भुरटा चोर आहे. आपल्या ज्योतिषांचा बुधही त्याच वळणाचा. तो शुभ ग्रहाच्या पंगतीला बसला की शुभ, पापग्रहाच्या बसला की पापी. स्वतःचा असा पक्ष नाही. आपल्या आज्यांनी तर कुठलाही ग्रंथ न उघडता ‘जाशील बुधी, येशील कधी’ म्हणून त्याचा निकाल लावून टाकला आणि लेकीला बुधवारी सासरी पाठवायचं बंद केलं. खगोलशास्त्रज्ञही या ग्रहाबद्दल चार शब्द बरे बोलू शकत नाहीत. ८८ दिवसांत तो सूर्याची फेरी संपवतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस तापमान असतं तर रात्री उणे १८०. ग्रहाला जी गोष्ट करायला एक दिवस-रात्र लागते ती काही माणसं सकाळच्या चहापासून नाश्त्यापर्यंत उरकतात, हे मान्य केलं तरी नाव योग्य ठिकाणी बसलं आहे.

पारा या धातूलाही हेच नाव मिळालं, कारण तो हातात ठरत नाही. १७५९च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गमध्ये योसेफ ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने कडाक्याच्या थंडीत बर्फ आणि आम्लाचं मिश्रण वापरून पारा पहिल्यांदा गोठवून दाखवला. उणे ३९ अंशांच्या आसपास तो शहाण्या धातूसारखा घट्ट होतो. योगायोग असा की त्याच डिसेंबरात इंग्लंडमध्ये यॉर्क इथे लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चे पहिले दोन भाग छापून आले आणि त्यात यॉरिक नावाच्या पाद्रीबुवांना त्याने हाच शब्द बहाल केला. यॉरिकचं मूळ डेन्मार्कचं, म्हणजे थंड रक्ताचा माणूस अपेक्षित; निघाला पाऱ्यासारखा. लेखकाचा या पाद्रीबुवांवर जीव आहे आणि ते शब्दात उतरलं आहे. म्हणजे रशियात पारा गोठत होता तेव्हा इंग्रजीत तो वर चढत होता. चोराच्या अंगावरचं विशेषण पाद्रीबुवांच्या अंगावर शोभून दिसलं की पुढे ते कवी, नट, सेनापती आणि पंतप्रधान यांच्यापर्यंत पोचायला अडचण नसते. मधल्या काळात इंग्रज लोक ते सरसकट फ्रेंचांना लावत, आणि त्यात कौतुक किती व टोमणा किती हे बहुधा त्या साली फ्रान्सशी युद्ध चालू आहे की नाही यावर ठरत असावं.

आजच्या वापराचा सगळ्यात भरघोस पुरावा क्रीडापानावर सापडतो. पाकिस्तानचा क्रिकेट संघ हा इंग्रजी समालोचकांच्या दृष्टीने या विशेषणाचा कायमचा रहिवासी आहे. १९९२च्या विश्वचषकात ॲडलेडला इंग्लंडने त्यांना ७४ धावांत गुंडाळलं. पावसाने सामना धुऊन नेला म्हणून एक गुण पदरात पडला, आणि २५ मार्चला मेलबर्नला त्याच इंग्लंडला २२ धावांनी हरवून त्यांनी चषक उचलला. २०१७च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत पहिल्या सामन्यात भारताकडून १२४ धावांनी हरले आणि चौदा दिवसांनी अंतिम सामन्यात भारताला १८० धावांनी हरवलं. हे खरोखरच पाऱ्याचं वागणं आहे, तक्रार नाही. आता पुण्याला या. २९ फेब्रुवारी १९९६ला, त्या वर्षीच्या विश्वचषकात, नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ धावांत बाद केलं. पुढच्या दोन आठवड्यांत वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाला आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून उपांत्य फेरी गाठली; केनियाने दुसरा सामना जिंकला नाही. दोघेही अनपेक्षित वागले. एकाला त्यावरून ‘बेभरवशाची प्रतिभा’ असा लौकिक मिळाला आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘चमत्कार’ आला. चमत्कार म्हणजे तुमचं काम देवाच्या खात्यावर लिहून टाकणं. लिंबूटिंबू संघ रोज हरला आणि एक दिवस जिंकला, तर त्याच्या स्वभावाची चर्चा होत नाही, खेळपट्टीची होते.

इथे कुणी म्हणेल की फरक हुद्द्याचा नाहीच, गुणाचा आहे. मर्क्युरियल शब्दात बुद्धीची चमक गृहीत धरलेली आहे. नुसत्या अस्थिर माणसाला तो लागू पडत नाही, अस्थिर आणि प्रतिभावान असा दुहेरी माल हवा. आक्षेप वजनदार आहे, आणि तो खरा असता तर हा लेख इथेच संपवता आला असता. पण मग प्लंबरचं काय करायचं? शहरातल्या कुठल्याही सोसायटीत एक प्लंबर असा असतो की तो भिंतीला कान लावून गळती कुठल्या मजल्यावर आहे ते सांगतो. इंजिनिअरने तीन बाथरूमच्या फरशा फोडूनही जे सापडलं नाही ते तो पाना आपटून शोधतो. आणि तोच माणूस ‘अर्ध्या तासात आलो’ म्हणून फोन ठेवतो आणि गणपतीनंतर उगवतो. चमक आहे, चंचलता आहे, निर्मितीची प्रक्रिया गूढ आहे, प्रेक्षकांची आतुरता तर विचारूच नका, कारण ते बादली घेऊन उभे असतात. शब्दकोशाची एकूण एक अट पुरी होते. तरीही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्यासाठी जे शब्द वापरले जातात ते मर्क्युरियलच्या जवळपासही फिरकत नाहीत. तीच गोष्ट अप्रतिम पुरणपोळ्या करणाऱ्या आणि मनाला येईल तेव्हा दांडी मारणाऱ्या स्वयंपाकीणबाईंची. गुण निर्णायक असता तर या दोघांची चरित्रं निघाली असती.

दुसरा आक्षेप असा की हा शब्द दर वेळी कौतुकाचा नसतो. परराष्ट्र खात्यांच्या भाषेत तो धोक्याचा इशारा असतो. हेही खरं. लिबियाच्या मुअम्मर गद्दाफींना इंग्रजी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षं या विशेषणावर पोसलं. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांना १५ मिनिटं दिली होती आणि ते दीड तासाहून अधिक बोलले. आपल्याकडे साहित्य संमेलनांचे उद्घाटक हे नेहमी करतात, पण त्यांच्याकडे तेलाच्या विहिरी नसतात, म्हणून त्यांना श्रोते सरळ कंटाळवाणे म्हणतात. इशारा द्यायचाच असेल तर इंग्रजीत स्पष्ट शब्दांची वाण नाही. स्पष्ट शब्द ज्या माणसाला परवडत नाही, त्याच्यासाठी हा राखून ठेवलेला असतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाबतीत अर्थविषयक पत्रांनी त्याचा जो वापर केला तो या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २ एप्रिल २०२५ला त्यांनी जवळजवळ सगळ्या जगावर आयातशुल्क जाहीर केलं. देशागणिक वाढीव दर ९ तारखेला लागू झाले आणि त्याच दिवशी चीन सोडून बाकीच्यांसाठी ९० दिवस थांबवले गेले. मर्क्युरी हा व्यापाराचा देव, आणि बुधाची प्रदक्षिणा ८८ दिवसांची. दोन दिवस सवलतीचे धरले तर हिशेब देवालाही पटावा. एखाद्या किराणा दुकानदाराने सकाळी साखरेचा भाव वाढवून दुपारी उतरवला आणि संध्याकाळी ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हणाला, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. इथे समोर दुकानच नाही, म्हणून विशेषण सभ्य.

सभ्यतेचा मुद्दाही उपस्थित होतोच: इंग्रज सुसंस्कृत, म्हणून कडू गोष्ट साखरेत घोळवून सांगतात, एवढंच. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये १९८६ ते १९९४ या काळात मृत्युलेखांचं पान ह्यू मॅसिंगबर्ड सांभाळत आणि त्यांनी ही कला पराकोटीला नेली. गृहस्थ अट्टल दारूडे असतील तर ते ‘मैफलीत रमणारे’ होत. समोरच्याचा पाणउतारा करण्यात आयुष्य गेलं असेल तर ‘मूर्खपणा सहन न होणारे’ होत. पण ही साखर कोणासाठी विरघळवली जात होती? त्या पानावर सरदार, सेनापती आणि विक्षिप्त जमीनदार मरत. त्यांचे बटलर मरत असतील, पण पानाबाहेर.

आणि बायकांना ही साखर कधीच पुरेशी मिळाली नाही. बदलत्या मनासाठी इंग्रजीत ‘फिकल’ हा दुसरा शब्द आहे. तो जुन्या काळापासून नशीब, वारा आणि स्त्री यांच्यासाठी राखीव, आणि अलीकडे त्यांत मतदार व फुटबॉलचे प्रेक्षक यांची भर पडली. म्हणजे ज्यांच्यावर ताबा हवा असतो पण मिळत नाही ते सगळे. या वाटणीतला विनोद व्हेर्दीने सगळ्यात चांगला ओळखला. ‘रिगोलेत्तो’ या त्याच्या ऑपेरात, जो १८५१ मध्ये व्हेनिसला प्रथम झाला, स्त्रिया चंचल असतात हे जगप्रसिद्ध गाणं मांतुआचा ड्यूक गातो. आणि अख्ख्या ऑपेरात दर अंकाला प्रेयसी बदलणारा माणूस तोच एकटा. आपल्याकडे चंचल म्हटलं की लक्ष्मी. तिच्याबद्दल कुरकुर असली तरी ती दबक्या आवाजात आणि तिच्या पाठीमागे. समोर आली की दिवे लावतात.

मराठी या बाबतीत निरागस आहे असा दावा कुणी करू नये. आपल्याकडे ‘मनस्वी’ हा शब्द नेमकं हेच काम इमानेइतबारे करतो. कवी मनस्वी असतो. तो नोकऱ्या सोडतो, घरं सोडतो, कार्यक्रमाचं मानधन घेऊन कार्यक्रमही सोडतो. त्याच्या धाकट्या भावाने यातल्या पहिल्या दोन गोष्टी केल्या की वडील त्याला धरसोड म्हणतात. आपल्या राजकारणाने तर ही उतरंड थेट कायद्यात घातली होती. १९६७ मध्ये हरयाणाचे गयालाल हे आमदार पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून बसले आणि ‘आयाराम गयाराम’ म्हणून देशभर हास्यास्पद झाले. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला बंदी आली; पण विधिमंडळ पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकदम बाहेर पडले तर त्याला पक्षांतर म्हणायचं नाही, फूट म्हणायचं, अशी पळवाटही त्यातच होती. २००३ मध्ये ती बुजवली गेली. दोन-तृतीयांशांनी विलीन होण्याची वाट मात्र उघडी राहिली. एकट्याचं मन पालटलं तर तो अपराध, घाऊक पालटलं तर ती प्रक्रिया. गयालाल यांची चूक एवढीच की ते किरकोळीत बदलले. महाराष्ट्रातल्या वाचकाला यापुढे उदाहरणं देत बसणं हा त्याच्या स्मरणशक्तीचा अपमान होईल.

राहता राहिला मुहम्मद बिन तुघलक, ज्याच्या नावाचं आपण विशेषणच करून टाकलं. १३२७ साली त्याने दिल्लीची माणसं देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी परत नेली. चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली आणि घरोघरी टांकसाळी निघाल्यावर तीही मागे घेतली. बुद्धिमान होता, बहुश्रुत होता, बोलण्यात तरबेज होता, आणि काल काय बोललो याची त्याला अडचण नव्हती. मर्क्युरियल म्हणून यापेक्षा चोख माणूस मिळणं कठीण. पण तो १३५१ मध्ये वारला. आज त्याच्याकडून कुणाचा पगार निघत नाही, कुणाची बढती अडत नाही, म्हणून आपण बिनदिक्कत ‘तुघलकी’ म्हणतो. त्याच्या हयातीत पगार घेणारा एक साक्षीदार आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याला त्याने दिल्लीत काझी नेमलं होतं. हा सुलतान बक्षिसं देणं आणि रक्त सांडणं या दोन्हींचा सारखाच शौकीन आहे असं इब्न बतूताने सांगून ठेवलं खरं, पण केव्हा? सुलतान वारल्यावर, स्वतः मोरोक्कोत सुखरूप पोचल्यावर. दिल्लीत असताना तो काय म्हणत असे हे सांगायला विशेष कल्पनाशक्ती लागत नाही. कुठल्याही कचेरीत साहेबांच्या केबिनबाहेर थोडा वेळ उभं राहिलं तरी ऐकू येतं.

इतक्या मोलाच्या शब्दाची वाट न बघता काही जण तो स्वतःच घेऊन टाकतात. झांझिबारला ५ सप्टेंबर १९४६ला जन्मलेला आणि आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा याने १९७०च्या सुमारास आडनावच मर्क्युरी करून घेतलं आणि ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला वेड लावलं. पाश्चात्त्य हिशेबाने त्याची रास कन्या, आणि कन्येचा स्वामी बुध. म्हणजे कागदपत्रं पूर्ण होती. पण आडनाव बदलणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून बाजाराने सोपा मार्ग काढला. १९९८च्या फुटबॉल विश्वचषकासाठी नायकी कंपनीने ब्राझीलच्या रोनाल्डोच्या पायांत ‘मर्क्युरियल’ नावाचे बूट घातले. १२ जुलैला अंतिम सामन्याच्या दिवशी रोनाल्डोला एकाएकी बरं वाटेना. संघाच्या पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, मग दुसरी यादी आली तिच्यात होतं, आणि फ्रान्सने ब्राझीलला ३–० हरवलं. बुटांच्या खपावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ते अजून निघतात, लहान मुलांच्या मापातही मिळतात. आणि नाव काहीही असलं तरी बदलून हवे असतील, तर पावती लागते.